घरच्या संगणकातील खासगी फायली: लपवणे वेगळे, राखणे वेगळे

फोल्डरला पासवर्ड कसा लावायचा, हा प्रश्न घरी संगणक वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. विंडोजमध्ये फोल्डरवर उजवी क्लिक केली, सगळे पर्याय चाळून पाहिले, तरी तसा सरळ पर्याय कुठेच सापडत नाही आणि मग माणूस मिळेल ते फुकट सॉफ्टवेअर उतरवून घेतो. ही सोय नसण्यामागे कारण आहे. डिस्कवर कोणत्या फायली कुठे आहेत याची एक नोंद म्हणजे फोल्डर. यापलीकडे त्यात फारसे काही नसते. त्या नोंदीवर "पासवर्डशिवाय उघडू नये" असा शेरा मारून ठेवला, तरी तो शेरा पाळणारे कोणीतरी लागते. आणि ते काम करणारी विंडोजच बंद असेल, किंवा ती डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली असेल, तर त्या शेऱ्याला विचारतो कोण? म्हणून फायली राखण्याचे खरे मार्ग दोनच उरतात. एक तर संगणक चालू असताना कोणाला काय उघडता यावे हे कार्यप्रणालीकडून काटेकोरपणे ठरवून घेणे, नाही तर मजकूरच अशा रूपात साठवणे की तो कोणाच्या हाती लागला तरी किल्लीशिवाय वाचता येऊ नये. बाजारात "फोल्डर लॉक" या नावाखाली जे मिळते, त्यातले बरेचसे या दोन्हींत न बसणारे, म्हणजे नुसते लपवणे असते.

आधी "कोणापासून" ते ठरवावे

खासगी फाइल म्हटली की वैद्यकीय अहवाल, ओळखपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती, बँकेची विवरणपत्रे, रोजनिशी, फोटो अशा नाना गोष्टी डोळ्यांसमोर येतात; पण त्या नेमक्या कोणाच्या हाती पडू नयेत, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो. एकाच संगणकावर गृहपाठ करणाऱ्या मुलाने चुकून एखादी फाइल उघडू नये किंवा पुसू नये, एवढीच काळजी असेल तर उपाय अगदी साधा आहे. लॅपटॉप चोरीला गेला तर काय, ही काळजी वेगळी आणि तिचा उपायही वेगळा. दुरुस्तीसाठी संगणक परक्या माणसाच्या ताब्यात द्यावा लागणे हा या दोहोंच्या मधला प्रकार. चौथी काळजी घराबाहेरच्या, कधीच समोर न येणाऱ्या माणसाची, म्हणजे इंटरनेटवरून घुसणाऱ्या घातक प्रोग्रॅमची. आणि तिथे वरच्या तिघांवर चालणारे पुष्कळसे उपाय मुळीच चालत नाहीत. हे ध्यानात न घेता एकच उपाय सगळीकडे लावला, की जिथे गरज नाही तिथे रोजचा त्रास वाढतो आणि जिथे गरज आहे तिथे दार उघडेच राहते.

लपवलेले फोल्डर

विंडोजमध्ये फोल्डरच्या गुणधर्मांत "हिडन" ही खूण करता येते आणि लिनक्स व मॅकवर फाइलच्या नावाआधी एक टिंब दिले की ती नेहमीच्या यादीत दिसत नाही. ही खूण चुकून होणारा धक्का टाळण्यासाठी आहे, यापेक्षा जास्त अपेक्षा तिच्याकडून ठेवू नये. "हिडन आयटेम्स" दाखवण्याची सोय फाइल एक्स्प्लोररच्या "व्ह्यू" यादीत कोणालाही एका क्लिकवर मिळते.

याहून फसवा प्रकार म्हणजे इंटरनेटवर वर्षानुवर्षे फिरणारी "फोल्डर लॉक" बॅच फाइल (बॅच फाइल म्हणजे संगणकाला एकामागून एक द्यायच्या आज्ञा लिहिलेली साधी फाइल). नोटपॅडमध्ये दहा-पंधरा ओळी चिकटवायच्या, फाइलचे नाव बदलायचे आणि ती चालवायची, की एक फोल्डर तयार होते व पुन्हा चालवल्यावर ते "कुलूपबंद" होऊन नाहीसे होते. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहिली तर तिची गंमत कळते. तिने केलेले असते एवढेच, की त्या फोल्डरचे नाव बदलून त्याला कंट्रोल पॅनेलची अंतर्गत ओळख दर्शवणारा लांबलचक क्रमांक जोडलेला असतो, त्यामुळे ते फोल्डर म्हणून ओळखू येत नाही; आणि त्यावर हिडन व सिस्टिम अशा दोन खुणा केलेल्या असतात. आपण ठरवलेला पासवर्ड त्याच बॅच फाइलमध्ये, एका ओळीत, साध्या अक्षरांत लिहिलेला असतो. म्हणजे ज्याला कुलूप उघडायचे आहे त्याने फाइल चालवण्याऐवजी नुसती वाचायची. विकत मिळणाऱ्या काही प्रोग्रॅममध्येही आतली व्यवस्था याच धर्तीची असते, फक्त पडदा देखणा असतो. एखादा प्रोग्रॅम कोणत्या पद्धतीने फायली एन्क्रिप्ट करतो, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात बदलतो, हे त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले नसेल, तर तो लपवण्याचाच प्रोग्रॅम आहे असे समजून चालणे शहाणपणाचे ठरते.

खाती आणि परवानग्या

घरातल्या घरात पुरेल असा पहिला खरा उपाय म्हणजे संगणक वापरणाऱ्या प्रत्येकाचे स्वतंत्र खाते. अनेक घरांत एकच खाते असते, त्याचा पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असतो आणि तरीही त्यातले एक फोल्डर एकट्याचे राहावे अशी अपेक्षा असते. ती कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट पुरी होत नाही. खाती वेगळी केली की विंडोज प्रत्येकाच्या डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स या फोल्डरांभोवती परवानग्यांचे कुंपण आपणहून घालते. मात्र त्यात दोन फटी राहतात आणि त्या माहीत असाव्यात.

पहिली फट अशी की हे कुंपण मुख्यतः आपल्या खात्याच्या फोल्डरापुरते असते. डिस्कचे भाग पाडून "डी" ड्राइव्हवर फोल्डर करून ठेवण्याची सवय पुष्कळांना असते, पण विंडोजच्या मूळ मांडणीत अशा ड्राइव्हवरील फोल्डर त्या संगणकावर लॉगिन करणाऱ्या कोणालाही उघडता येते, इतकेच नव्हे तर बदलताही येते. पेन ड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्कवर बहुधा जी एक्सफॅट किंवा फॅट रचना असते, तिच्यात परवानग्या नोंदवण्याची सोयच नाही.

दुसरी फट म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटर खाते. असे खाते असलेल्या व्यक्तीने दुसऱ्याचे फोल्डर उघडायचा प्रयत्न केला, की "या फोल्डरची परवानगी तुम्हाला सध्या नाही" अशा अर्थाची चौकट येते आणि तिच्यातच "कंटिन्यू" असे बटण असते. ते दाबले की फोल्डर उघडते, आणि त्या व्यक्तीचे नाव फोल्डरच्या परवानग्यांत कायमचे नोंदवले जाते. पुढच्या वेळी चौकटही येत नाही. त्यामुळे ॲडमिनिस्ट्रेटर खाते एकच असावे, ते रोजच्या कामासाठी वापरू नये आणि बाकी सर्वांना, स्वतःलासुद्धा, साधे खाते असावे.

आता ज्या गोष्टीबद्दल सर्वाधिक गैरसमज आढळतो तिच्याकडे वळू. विंडोजचा लॉगिन पासवर्ड डिस्कवरील मजकुराला हातही लावत नाही. तो विचारतो ती विंडोज. आणि ज्याला विंडोजची गरजच नाही, त्याच्यापुढे तो प्रश्न येत नाही. एका पेन ड्राइव्हवर लिनक्स घ्यायचे, संगणक त्यावरून सुरू करायचा आणि डिस्क उघडायची: एन्क्रिप्शन नसेल तर सगळी फोल्डरे, सगळ्यांची, कोणताही पासवर्ड न मागता समोर येतात, कारण विंडोजने लिहून ठेवलेल्या परवानग्या पाळण्याचे बंधन त्या लिनक्सवर नसते. यासाठी हॅकर असावे लागत नाही. विंडोज बिघडलेल्या संगणकातून फोटो वाचवण्याची ही नेहमीची, सरळमार्गी पद्धत आहे. दुरुस्ती करणारा रोज हेच करतो.

एन्क्रिप्शन म्हणजे नेमके काय होते

एन्क्रिप्शनमध्ये मजकूर लपवला जात नाही, त्याचे रूपांतर होते. फाइलमधल्या बाइट्सवर एका ठरलेल्या गणिती कृतीने आणि एका गुप्त संख्येने, म्हणजे किल्लीने, अशी प्रक्रिया केली जाते की निघणारा परिणाम निव्वळ गोंधळ वाटावा आणि तीच किल्ली मिळाल्यावर मूळ मजकूर जसाच्या तसा परत यावा. यातली कृती गुप्त नसते आणि नसावीही. ऑगस्ट केरकॉफ या अभ्यासकाने १८८३ साली लष्करी संदेशांबद्दल लिहिताना हे सूत्र मांडले की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्त राहायला हवी ती केवळ किल्ली. त्यामुळे "आमची स्वतःची गुप्त पद्धत आहे" अशी जाहिरात करणाऱ्या प्रोग्रॅमविषयी शंका घेणेच योग्य. ज्या कृतीवर जगभरच्या तज्ज्ञांनी वर्षानुवर्षे डोके आपटून पाहिले आणि ती तरीही टिकली, तीच भरवशाची.

आज घरगुती वापरात जवळजवळ सगळीकडे दिसणारी कृती म्हणजे एईएस. जोन डेमन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन संशोधकांची ती निर्मिती, आणि खुल्या स्पर्धेतून निवड होऊन २००१ साली ती अमेरिकेचे सरकारी मानक बनली. तिच्याआधीच्या डीईएस या मानकाची किल्ली ५६ बिटांची, म्हणजे शून्य किंवा एक अशा ५६ अंकांची होती, म्हणजे शक्य असलेल्या किल्ल्या सुमारे ७२० कोटी कोटी. हा आकडा प्रचंड वाटतो. पण १९९८ साली इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने खास त्यासाठी बनवलेल्या यंत्राने एकेक किल्ली लावून पाहत अवघ्या ५६ तासांत योग्य किल्ली शोधून काढली. किल्लीत एक बिट वाढला की शक्यता दुप्पट होतात, आणि एईएसची सर्वांत लहान किल्लीसुद्धा १२८ बिटांची असते. म्हणजे ती दुप्पट एकदा नव्हे, तर बहात्तर वेळा झालेली असते. त्यामुळे एकेक किल्ली लावून पाहण्याचा मार्ग इथे बंद होतो. घरच्या संगणकावर १२८ बिट घ्यावेत की २५६, या वादात त्यामुळे वेळ घालवण्यात अर्थ नाही. तुटतो तो पासवर्ड, एईएस नव्हे.

पासवर्ड आणि किल्ली या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे समजून घेतले तर पुढच्या बऱ्याच गोष्टी उलगडतात. डिस्क ज्या किल्लीने एन्क्रिप्ट होते ती संगणकाने स्वतः निवडलेली यादृच्छिक संख्या असते आणि तीच पुन्हा आपल्या पासवर्डापासून तयार केलेल्या दुसऱ्या किल्लीने एन्क्रिप्ट करून डिस्कच्या एका छोट्या भागात ठेवलेली असते. तिजोरीची किल्ली एका लहान पेटीत आणि त्या पेटीची किल्ली आपल्या खिशात, अशी ही व्यवस्था. म्हणूनच पासवर्ड बदलायला क्षणभर पुरतो, सगळी डिस्क नव्याने एन्क्रिप्ट करावी लागत नाही. पण म्हणूनच तो छोटा भाग खराब झाला तर बरोबर पासवर्ड माहीत असूनही काहीही उघडत नाही, आणि त्या भागाची जुनी प्रत कोणाकडे राहिली असेल तर बदललेला, जुना पासवर्ड तिच्यावर चालू शकतो.

संपूर्ण डिस्क की एकच पेटी

संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करण्याची सोय आता जवळजवळ प्रत्येक कार्यप्रणालीत असते. विंडोजमध्ये २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून बिटलॉकर आहे. त्याचे पूर्ण रूप प्रो आणि त्यावरच्या आवृत्त्यांतच मिळते, पण होम आवृत्तीतही योग्य हार्डवेअर असेल तर "डिव्हाइस एन्क्रिप्शन" नावाने त्याचे साधे रूप असते. सेटिंग्जमध्ये "प्रायव्हसी अँड सिक्युरिटी" या विभागात ते चालू आहे की नाही हे दिसते, आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या नव्या संगणकावर ते आपल्याला न विचारताच चालू झालेले असण्याचीही शक्यता असते. मॅकवर फाइलव्हॉल्ट २००३ साली आले तेव्हा ते फक्त वापरकर्त्याचे मुख्य फोल्डर एन्क्रिप्ट करत असे. २०११ पासून ते संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करते. लिनक्सवर हेच काम लक्स करते आणि ते स्थापनेच्या वेळीच निवडणे सोपे जाते.

याचा फायदा चोरीच्या, हरवण्याच्या आणि डिस्क काढून नेण्याच्या प्रसंगी. मर्यादा मात्र नीट ओळखावी: संगणक सुरू करून लॉगिन केले की डिस्क उघडलेली असते, आणि आपण चहा घ्यायला उठलो असताना खुर्चीत येऊन बसणाऱ्या माणसापुढे ती तशीच उघडी असते. त्यासाठी पडदा आपोआप बंद होण्याची वेळ कमी ठेवणे, उठताना विंडोजची कळ आणि एल दाबणे, या किरकोळ वाटणाऱ्या सवयीच उपयोगी पडतात. लॅपटॉप घेऊन प्रवासाला निघताना नुसते झाकण मिटवून झोपवण्यापेक्षा तो पूर्ण बंद केलेला बरा, कारण झोपेच्या अवस्थेत किल्ली मेमरीत शिल्लक असते.

संगणक सामायिक आहे आणि त्यातल्या थोड्याच फायली खासगी आहेत, अशा वेळी वेगळी एन्क्रिप्ट केलेली पेटी जास्त सोयीची. व्हेराक्रिप्ट हा खुला व मोफत प्रोग्रॅम यासाठी विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो. २०१४ मध्ये अचानक बंद पडलेल्या ट्रूक्रिप्ट या तशाच प्रोग्रॅमच्या पायावर तो उभा आहे. त्यात आपण, समजा, पाच जीबीची एक फाइल तयार करतो. बाहेरून पाहिले तर तिच्यात अर्थहीन बाइट्सशिवाय काही दिसत नाही. प्रोग्रॅममध्ये ती निवडून, ड्राइव्हसाठी एखादे मोकळे अक्षर निवडून, "माउंट" दाबले आणि पासवर्ड दिला की ती नव्या ड्राइव्हसारखी संगणकात दिसू लागते. तिच्यात फायली ठेवाव्यात, तिथेच उघडाव्यात, तिथेच साठवाव्यात, आणि काम झाले की "अनमाउंट" (जुन्या आवृत्त्यांत "डिसमाउंट") दाबावे. हे शेवटचे दाबायला लोक विसरतात, म्हणून ठरावीक वेळ वापर नसेल तर पेटी आपोआप बंद व्हावी अशी मांडणी पहिल्याच दिवशी करून ठेवावी. मॅकवर वेगळा प्रोग्रॅम न घेताही "डिस्क युटिलिटी"मधून अशी एन्क्रिप्ट केलेली डिस्क इमेज बनवता येते.

विंडोज प्रोमध्ये फोल्डरच्या गुणधर्मांतून थेट एन्क्रिप्ट करण्याची ईएफएस नावाची सोय विंडोज २००० पासून आहे. ती वापरायला अगदी सोपी आहे आणि घरगुती वापरासाठी मी ती सुचवणार नाही. तिची किल्ली आपल्या खात्यातील प्रमाणपत्राशी बांधलेली असते. ते प्रमाणपत्र बाहेर जपून न ठेवता विंडोज नव्याने टाकली, किंवा घरातल्या कोणी ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून आपला पासवर्ड परस्पर बदलून दिला, तर फायली डोळ्यांसमोर दिसतात पण उघडत नाहीत. उलट त्याच फायली फॅट रचनेच्या पेन ड्राइव्हवर घेतल्या तर त्यांचे एन्क्रिप्शन निघून जाऊ शकते.

दोन-चार फायली कोणाला पाठवायच्या असतील तर सेव्हन-झिपसारखा प्रोग्रॅम पुरतो. त्यात सेव्हन-झेड प्रकार आणि एईएस निवडावे, व फायलींची नावेही एन्क्रिप्ट करण्याच्या चौकटीत खूण करावी; साध्या झिपमध्ये पासवर्ड असला तरी आतल्या फायलींची नावे कोणालाही वाचता येतात, आणि "घटस्फोटाचा मसुदा" हे नाव वाचल्यावर आत काय आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. झिपची जुनी एन्क्रिप्शन पद्धत १९९४ सालीच कमकुवत असल्याचे दाखवले गेले आहे, तरी सोयीच्या नावाखाली ती अजून अनेक प्रोग्रॅममध्ये आढळते.

वर्ड आणि एक्सेलमधले पासवर्ड सरसकट एका मापाने मोजता येत नाहीत. फाइल उघडण्यासाठी लागणारा पासवर्ड २००७ नंतरच्या आवृत्त्यांत खरोखरच एईएसने एन्क्रिप्ट करतो. पण बदल करण्यासाठी लागणारा पासवर्ड किंवा एक्सेलमधील "प्रोटेक्ट शीट" हे एन्क्रिप्शन नाही. मजकूर उघडाच असतो, केवळ एक्सेल तो बदलू देत नाही. पगाराचे रकाने लपवून आणि शीटला पासवर्ड लावून फाइल बिनधास्त पाठवणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

पासवर्ड

डिस्क किंवा पेटी चोरणाऱ्याला पासवर्ड किती वेळा चुकला याची फिकीर नसते, कारण तो स्वतःच्या यंत्रावर हवे तितके प्रयत्न करू शकतो. ऑनलाइन खात्याचा पासवर्ड आणि एन्क्रिप्शनचा पासवर्ड यांत हाच मोठा फरक आहे. इंग्रजीची आठ लहान अक्षरे घेतली तर सुमारे २०,८८२ कोटी शक्यता होतात. सेकंदाला १०० कोटी प्रयत्न करणारे यंत्र त्या साडेतीन मिनिटांत संपवते. चांगले प्रोग्रॅम यावर उपाय म्हणून पासवर्डापासून किल्ली बनवण्याची क्रिया मुद्दाम संथ करतात. व्हेराक्रिप्ट नेहमीच्या मांडणीत एका पेटीसाठी ती क्रिया ५ लाख वेळा फिरवतो, म्हणूनच पेटी उघडताना क्षणभर थांबावे लागते. आपल्याला तो क्षण जाणवतही नाही, चोराला मात्र तो प्रत्येक प्रयत्नाला मोजावा लागतो.

तरीही मुळात पासवर्ड लांब हवा, आणि लांब पासवर्ड लक्षात राहण्याची सर्वांत चांगली युक्ती म्हणजे फासे टाकून निवडलेले शब्द. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ साली मांडलेल्या डाइसवेअर पद्धतीत ७,७७६ शब्दांची यादी असते, कारण पाच फाशांच्या पडण्याच्या तितक्याच तऱ्हा होतात. असे सहा शब्द घेतले तर, वरच्याच वेगाने प्रयत्न करत राहिल्यास, सगळ्या शक्यता संपायला सुमारे ७० लाख वर्षे लागतात. शब्द फाशांनीच निवडायला हवेत. आपल्या मनाने "सुचलेले" शब्द, आवडत्या गाण्याची ओळ किंवा अभंगाचा चरण यांत तो गुण नसतो, कारण तशा ओळींच्या याद्या चोरांकडेही असतात. शब्द मराठी असले तरी ते रोमन अक्षरांत टंकावेत, कारण संगणक सुरू होतानाच्या पडद्यावर देवनागरी कळफलक सहसा मिळत नाही.

विंडोजचा चार-सहा अंकी पिन एवढा लहान असूनही चालतो, यात विसंगती नाही. तो पिन त्या एका संगणकातील टीपीएम या सुरक्षा-चिपशी बांधलेला असतो आणि काही चुकांनंतर ती चिप आणखी प्रयत्न करू देत नाही. चोराला अमर्याद प्रयत्न करण्याची मुभा तिथे नसते.

मागे राहणाऱ्या प्रती

एन्क्रिप्शन नीट केले आणि तरीही फाइल बाहेर आली, असे घडते तेव्हा बहुधा कोणी कुलूप फोडलेले नसते. फाइलची दुसरी प्रत कुठेतरी पडून राहिलेली असते. झिपमधली फाइल तिथल्या तिथे दोनदा क्लिक करून उघडली तर ती आधी तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरात सुटी करून ठेवली जाते आणि प्रोग्रॅम अनपेक्षितपणे बंद पडला तर तिथेच राहते. फोटोंच्या छोट्या प्रतिमा विंडोज स्वतंत्र साठवून ठेवते, त्यामुळे मूळ फोटो हलवल्यावरही त्याची लहानशी, पण चेहरा ओळखू येईल इतकी स्पष्ट प्रतिमा मागे उरू शकते. वर्ड आपोआप साठवलेल्या प्रती वेगळ्या फोल्डरात ठेवते, "अलीकडच्या फायली" या यादीत नावे राहतात, आणि ई-मेलने आलेली मूळ जोडफाइल ई-मेलमध्ये व डाउनलोड्समध्ये अशी दोन ठिकाणी असतेच. वनड्राइव्हने डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपोआप क्लाउडवर चढवायला सुरुवात केली आहे हे तर पुष्कळांना महिनोन्महिने कळत नाही. क्लाउडवर ठेवायचेच असेल तर क्रिप्टोमेटरसारख्या प्रोग्रॅमने फाइल आपल्याच संगणकावर एन्क्रिप्ट करून मग ती चढू द्यावी.

मूळ फाइल पेटीत टाकून बाहेरची पुसली, तरी ती पुसली जातेच असे नाही. फाइल पुसताना नोंद जाते. मजकूर त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत राहू शकतो. सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलत या संशोधकांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: वाचता आलेल्या १२९ डिस्कपैकी केवळ १२ नीट पुसलेल्या होत्या, बाकींपैकी अनेकांत लोकांची पत्रे, वैद्यकीय माहिती आणि क्रेडिट कार्डांचे क्रमांक शिल्लक होते. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर त्या जागी नवे काही लिहून जुने नष्ट करता येते. फिरती तबकडी नसलेल्या एसएसडी डिस्कवर मात्र कोणता मजकूर प्रत्यक्ष कुठल्या पेशीत जाईल हे डिस्कची आतली यंत्रणा ठरवते, त्यामुळे "वरून लिहिणे" नेमक्या त्याच जागी होईल याची खात्री नसते. यावरचा खरा उपाय आधीच करायचा असतो: संगणक नवा असतानाच, त्यावर काहीही ठेवण्यापूर्वी, संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करावी. मग पुढे डिस्क टाकून देताना किल्ली नष्ट केली की काम भागते.

इंटरनेटवरून येणारा चोर

आपण लॉगिन केलेले असताना शिरलेला घातक प्रोग्रॅम आपल्याच नावाने वावरतो. आपल्याला जे उघडते ते त्यालाही उघडते. बिटलॉकर असो वा माउंट केलेली पेटी, त्याच्या लेखी ते नसल्यासारखेच. खंडणीखोर प्रोग्रॅमना तर फाइल वाचायचीही गरज नसते, ते आपल्या एन्क्रिप्ट केलेल्या पेटीवर स्वतःचे एन्क्रिप्शन चढवतात आणि पैसे मागतात. १२ मे २०१७ रोजी पसरू लागलेला वॉनाक्राय हा असाच प्रोग्रॅम दीडशेहून अधिक देशांतल्या संगणकांत शिरला, आणि तो ज्या फटीतून शिरला ती बुजवणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेली होती. अपडेट पुढे ढकलत राहण्याची किंमत याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण शोधून सापडणार नाही. विंडोज सिक्युरिटीमध्ये "कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस" ही सोय आहे, ती सुरू केली तर अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरांत बदल करता येत नाहीत. सुरुवातीला एखाद्या चांगल्या प्रोग्रॅमलाही ती अडवते आणि त्याला हाताने परवानगी द्यावी लागते, एवढाच त्रास.

तरीही शेवटी वाचवतो तो बॅकअप. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर, हा छायाचित्रकारांच्या जगातून आलेला नियम घरगुती वापरालाही पुरेसा आहे. बॅकअपची डिस्क काम झाल्यावर संगणकापासून काढून ठेवावी, कारण जोडलेली डिस्क खंडणीखोर प्रोग्रॅमलाही जोडलेलीच असते. आणि बॅकअपही एन्क्रिप्ट केलेला असावा. संगणक कडेकोट आणि त्याची प्रत मात्र खणात उघडी, हे दृश्य वाटते त्याहून फार जास्त घरांत दिसते.

किल्ली हरवली तर

एन्क्रिप्शनचा सर्वांत मोठा धोका चोराला नसून मालकाला असतो. पासवर्ड विसरला तर "पासवर्ड विसरलात का?" असे विचारणारे तिथे कोणी नसते. बिटलॉकरसाठी ४८ अंकी रिकव्हरी की मिळते; मायक्रोसॉफ्ट खाते वापरले असेल तर ती बहुधा त्या खात्यात साठवलेली असते, आणि ती खरोखर तिथे आहे की नाही हे अडचण येण्याआधी, आजच, दुसऱ्या एखाद्या उपकरणावरून लॉगिन करून पाहावे. ती कागदावर छापून घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवणे हे मला सर्वांत भरवशाचे वाटते. पासवर्ड कागदावर लिहू नये हा सल्ला कार्यालयातल्या टेबलासाठी ठीक आहे. घरात ज्या चोराची भीती आहे तो लॅपटॉप उचलून पळतो, कपाटातली कागदपत्रे वाचत बसत नाही. व्हेराक्रिप्टच्या पेटीसाठी तिच्या हेडरची, म्हणजे किल्ली ठेवलेल्या त्या छोट्या भागाची, प्रत "टूल्स" यादीतून वेगळी काढून ठेवावी. आपल्यामागे कुटुंबाला ज्या फायली लागतील, विम्याची व मालमत्तेची कागदपत्रे, त्यांचा पासवर्ड बंद पाकिटात एका विश्वासू व्यक्तीकडे असावा. त्या फायली आणि आपल्या अगदी वैयक्तिक फायली एकाच पेटीत न ठेवण्याचे हेही एक कारण आहे.

संगणक दुरुस्तीला देताना या सगळ्याचा एकदम उपयोग होतो. पेटी बंद केलेली असावी, बॅकअप झालेला असावा, आणि दुरुस्ती करणाऱ्याने पासवर्ड मागितला तर आपल्या खात्याचा न देता त्याच्यासाठी एक साधे, तात्पुरते खाते काढून द्यावे. पडदा किंवा कळफलक बदलायचा असेल तर कोणताच पासवर्ड द्यावा लागत नाही. मदरबोर्ड बदलला मात्र टीपीएम चिपही बदलते, आणि संगणक घरी आणून सुरू केल्यावर निळ्या पडद्यावर बिटलॉकर ते ४८ अंक मागतो. त्या वेळी तो छापलेला कागद हाताशी नसेल तर दुरुस्त झालेला संगणक आणि शाबूत असलेली डिस्क असूनही आतले काहीच मिळत नाही.